कर संपली तरी मांजा लोंबतोच
येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात, नाशिकच्या गच्च्यांवरही तीच धूम. पण पक्षी नंतरही अडकत राहतात, कारण नायलॉनचा मांजा कुजत नाही. झाडांवरून हाताला येईल तेवढा काढा, बारीक तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका. अख्खा गुंता टाकलात तर तिथे पुन्हा कुणाचा तरी पाय अडकेल. विजेच्या तारांवरच्या मांजाला मात्र हात लावू नका. गुंतलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका, पंख चिरतो. दोरा दोन्ही बाजूंनी कापा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. बगळे परततात त्या संध्याकाळच्या वेळी पतंग उतरवाच.