सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करताय? चढाच्या धास्तीत उतार विसरू नका

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याला एकच धास्ती असते: यवतेश्वरचा घाट चढवेल ना? मग पावसाळ्यातले सगळे रविवार चढ मारण्यात जातात. पुण्याची मंडळी सिंहगड चढतात, वर पिठलं-भाकरी खातात आणि जीपने खाली येतात. पण २०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीत साताऱ्यातून घाट चढून कासच्या दिशेने जायचं असतं आणि त्याच रस्त्याने परत यायचं असतं. म्हणजे २१ किलोमीटरचा जवळपास निम्मा भाग उताराचा, तोही आधीच दमलेल्या पायांनी. हौशी धावपटूंचे पाय इथे जातात.

चढताना मांडीचा स्नायू आकुंचन पावत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता प्रत्येक पावलाला शरीराचं वजन तोलून धरतो. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दम लागत नाही, त्यामुळे तेव्हा काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. दिलासा एवढाच, की शरीर हे लवकर शिकतं. एकदा बेताने उतारावर धावलात, तर पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला पाय बरेच कमी दुखतात.

म्हणून दहा दिवसांतून एकदा तरी उताराचा सराव ठेवा. सुरुवातीला दोनेक किलोमीटरचा सौम्य उतार पुरे. डोंगर जवळ नसेल तर लांबलचक उड्डाणपूल चालतो. ठाण्याला येऊर आहे, कोल्हापूरला जोतिबाचा रस्ता. पावलं छोटी आणि भरभर टाका. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या पुढे आपटते, दर पावलाला ब्रेक लागतो आणि तो धक्का गुडघा खातो. अंग मागे झुकवलं तरी तेच. घाटात सराव करताना समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून धावा. आंधळ्या वळणावर धावू नका, चाला.

दुसरी मोठी चूक म्हणजे रोज जीव तोडून धावणं. घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघून कालच्यापेक्षा आज दहा सेकंद कमी, असा हट्ट चालतो आणि महिन्याभरात नडगी दुखायला लागते. आठवड्यातलं बहुतेक धावणं सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश हवं. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, तर नक्कीच. चढावर घड्याळाकडे बघूच नका, श्वासावर लक्ष ठेवा. श्वास तुटायला लागला की शंभर पावलं चाला. चालण्यात कमीपणा नाही. सुरुवातीला गर्दीबरोबर उधळणाऱ्यांपेक्षा असे लोक वर ताजेतवाने पोहोचतात आणि उतारासाठी त्यांच्या मांड्या शाबूत राहतात.

पाऊस आहे म्हणून घाम येत नाही, हाही गैरसमज आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग नुसतं भिजत राहतं आणि मीठ जातच राहतं. पण म्हणून प्रत्येक स्टॉलवर साधं पाणी ढोसू नका. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते खरोखर धोक्याचं आहे. तहान लागेल तसं प्या, मधूनमधून मीठ-साखर असलेलं काही घ्या. जे घ्याल ते आधी लाँग रनला घेऊन बघितलेलं असावं.

बूट नवेकोरे नकोत. पुढे अंगठ्याभर जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आदळून नखं काळी पडतात. लेस शेवटच्या भोकातून ओवून घोट्याशी घट्ट बांधली की पाय पुढे सरकत नाही.

दुखणं ओळखायलाही शिका. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील तर दोन-तीन दिवस हलकं चाला, थांबेल. उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येत असेल तर उतार काही दिवस बंद ठेवा आणि कंबरेच्या, नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम वाढवा. नडगीवर बोटाने दाबून एकाच जागी दुखत असेल तर मात्र धावणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे गोळी खाऊन लाँग रन पूर्ण करणाऱ्यांचा पुढचा अख्खा मोसम बुडतो.

शेवटचा जोराचा उतार शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी मारून घ्या. त्यानंतर फक्त सपाट आणि थोडं.