खंडेनवमीला येझदी बाहेर काढताय? या चुका टाळा

बेळगावकडच्या खानापूर-जांबोटीच्या पावसात चार महिने पडवीत उभी राहिलेली जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, जावा किंवा येझदी, धुवायची, हार घालायचा आणि थेट किक मारायची. घोळ इथूनच सुरू होतो.

आधी टाकी रिकामी करा. आताचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल (आपल्याच उसाचं म्हणा ना!) हवेतली ओल ओढतं. ओल जास्त झाली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि कार्बोरेटरमध्ये पहिलं तेच उतरतं. काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवा, थर दिसेल. मग टाकीखालच्या कॉकची जाळी, कार्बोरेटरमधली फ्लोटची वाटी आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवा मारा.

टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं इंजिन ऑइल) लिटरला 35 ते 40 मिली, तेही डब्यात पेट्रोलबरोबर घुसळून. टाकीत वरून ओतून गाडी हलवणं म्हणजे मिसळणं नव्हे. जास्त ऑइलने इंजिन सुखी होत नाही, प्लग काळा पडतो आणि दोन्ही सायलेन्सर कार्बनने तुंबतात.

प्लगला ठिणगी नसेल तर आधी बॅटरी बघा. जुन्या 6 व्होल्टच्या, पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काच्या) गाडीत बॅटरी मेली की ठिणगीही गेली. तिथे 12 व्होल्टची बॅटरी बसवली तर बल्ब उडतात, कॉइल तापते आणि डायनामो तिला चार्जही करत नाही. पॉइंटवर ओलीने पांढरट थर येतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासा, गॅप 0.4 मिमी ठेवा.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, ऑइल सीलपायी. उभ्या गाडीत रबर कडक होतं. डायनामोच्या बाजूचं सील गेलं की हवा शिरते, थ्रॉटल सोडला तरी इंजिन रेस होतं, आणि लोक बिचाऱ्या कार्बोरेटरला दोष देतात. डायनामोचं झाकण काढून बघा, आत तेलकट ओल असेल. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं. पांढऱ्या धुराचे लोट निघतात, जमिनीवर थेंब नसताना गिअर ऑइल कमी होतं. नवा पिस्टन घालून हा धूर जाणार नाही.

गिअरचा आणि किकचा लिव्हर एकच. तो पूर्ण आत दाबल्याशिवाय किक मारू नका, दाते खातात. इंजिन लागलं की लगेच पुढे आणा.

कागदांबद्दल एवढंच: कोल्हापूरची एमएच-09 गाडी इकडे कर्नाटकात घेतली असेल तर तिकडच्या आरटीओची ना-हरकत आधी काढा. 50 वर्षांपुढच्या, मूळ बनावट न बदललेल्या गाडीला 2021च्या नियमाने ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही. बाजाराला, शेतावर न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.