दुखापतीमुळे व्यायाम बंद असताना वजन कमी करायचे आहे? या चुका टाळा

घोट्याचे हाड मोडल्यावर किंवा गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर ‘पायावर भार टाकू नका’ असे बजावतात. ज्यांचे वजन आधीच जास्त आहे, त्यांना अशा वेळी दोन चिंता एकदमच घेरतात. हाड नीट जुळेल ना, ही पहिली आणि अंथरुणावर पडून वजन किती वाढेल, ही दुसरी. दुसरी चिंता अनाठायी नाही, कारण साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि वाढलेला प्रत्येक किलो पुढे त्याच दुखऱ्या पायाला पेलावा लागतो. या काळात वजन आटोक्यात ठेवता येते, हळूहळू कमीही करता येते. मात्र त्यासाठी ताटातले काय कमी करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे नेमके ठाऊक असायला हवे. बहुतेक चुका इथेच होतात.

‘व्यायाम बंद म्हणजे वजन वाढणारच’ असे मानून मोकळे होणे

बैठे काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसभरात जी ऊर्जा खर्च होते, तिचा साठ ते सत्तर टक्के भाग श्वासोच्छ्वास, हृदयाचे ठोके, मेंदूचे काम, शरीराचे तापमान राखणे अशा विश्रांतीतही चालू राहणाऱ्या कामांसाठी लागतो. हा खर्च प्लॅस्टर घातल्याने थांबत नाही. थांबते ते सकाळचे फिरणे, स्टेशनचे जिने, बाजारहाट आणि घरातली उठबस. तासभर भरभर चालण्याने साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. त्यात इतर हालचाल धरली, तर दिवसाला तीनशे कॅलरींचा खर्च कमी झाला असे ढोबळपणे म्हणता येईल. आहार पूर्वीइतकाच राहिला, तर सहा आठवड्यांत १२,६०० कॅलरी शिल्लक राहतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे दीड किलोहून थोडी अधिक वाढ झाली. प्रत्यक्षात अनेकांचे वजन या काळात चार-पाच किलोंनी वाढते, त्याचा दोष एकट्या बंद पडलेल्या व्यायामाला देता येत नाही. उरलेली वाढ ताटातून येते.

ताकद भरून यावी म्हणून लाडू, तूप आणि पाया

आपल्याकडे हाड मोडल्याची बातमी कळताच डिंकाच्या लाडवांचा डबा घरी पोचतो. तो डबा मायेने आलेला असतो, म्हणूनच त्याबद्दल स्पष्ट बोलणे अवघड जाते. पण लाडू नीट पाहू या. त्यातला डिंक हा बराचसा न पचणारा तंतुमय पदार्थ. लाडवाची खरी ऊर्जा येते ती डिंक तळताना शोषले गेलेले तूप, किसलेले सुके खोबरे, खारकेची पूड आणि गूळ यांतून. मध्यम आकाराच्या एका लाडवातून दोनशेच्या आसपास कॅलरी मिळतात, प्रथिने मात्र दोन-तीन ग्रॅमच. सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू खाणारा माणूस तासाभराच्या चालण्यापेक्षा जास्त ऊर्जा रोज शरीरात भरत असतो. हे लाडू बाळंतिणीसाठी आणि थंडीत कष्टाची कामे करणाऱ्यांसाठी होते आणि तिथे ते शोभतातही. वजन जास्त असलेल्या आणि दिवसभर पलंगावर बसलेल्या माणसाची गरज वेगळी असते.

पायाच्या रशाचेही तसेच आहे. हाडे उकळली म्हणजे त्यातले कॅल्शियम रशात उतरते असा समज आहे, पण ते फार थोडे उतरते. रशाला जो चिकटपणा येतो तो जिलेटिनचा. त्यात शरीराला आवश्यक असलेली सगळी अमिनो आम्ले नसतात. वर तरंगणारी चरबी मात्र भरपूर असते. आवड म्हणून कधीतरी वाटीभर रस्सा घ्यायला हरकत नाही, पण त्याला हाडाचे औषध समजून रोज घेऊ नये.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम लागते. अर्धा लिटर दुधातून त्याच्या निम्म्याहून अधिक मिळते. उरलेल्या गरजेसाठी नाचणीची भाकरी, दही, तीळ आणि काट्यासकट खाता येणारी लहान मासळी उपयोगी पडते. ड जीवनसत्त्वाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेत राहिल्यास किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

दुसरे टोक: उपाशी राहणे

माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे, कारण तिचे दुष्परिणाम काट्यावर दिसत नाहीत, उलट काटा खूश करतो. व्यायाम नाही म्हणून एक वेळचे जेवण बंद करणारे, नुसत्या फळांवर किंवा काढ्यांवर राहणारे अनेक जण असतात. मोडलेले हाड सांधताना आणि शस्त्रक्रियेची जखम भरताना शरीराला नेहमीपेक्षा जास्त प्रथिने लागतात. ती अन्नातून मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागते. प्लॅस्टरमध्ये अडकलेल्या पायाचे स्नायू वापर नसल्याने आधीच झिजत असतात. अवघ्या आठवडाभरात मांडीचा स्नायू मोजता येण्याइतका बारीक होतो. त्यात उपासमारीची भर पडली, की पंधरा दिवसांत उतरलेल्या तीन किलोंमध्ये चरबीबरोबर पाणी आणि स्नायूही जातात. पुढे पूर्ववत जेवण सुरू होताच वजन परत येते ते प्रामुख्याने चरबीच्या रूपात आणि गुडघ्याला आधार देणारी मांडी मात्र दुबळीच राहते.

मधुमेहींनी तर जेवण परस्पर कमी करूच नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना जेवण घटले, तर साखर अचानक उतरून चक्कर येऊ शकते आणि कुबड्यांवर चालणाऱ्याला चक्कर येणे म्हणजे दुसऱ्या फ्रॅक्चरला निमंत्रण. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्यास पोटात व्रण होण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

उपवासांचाही इथेच विचार करायला हवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम साबुदाण्यातून साडेतीनशे कॅलरी मिळतात, पण प्रथिने एक ग्रॅमही नसतात. तुपात परतलेली, बटाटा घातलेली खिचडी खाल्ल्यावर दिवसाची ऊर्जा कमी होत नाही, कमी होते ती फक्त प्रथिनांची भरती. आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ती सूट हाड जुळेपर्यंत निःसंकोच घ्यावी. ज्यांना उपवास मोडायचाच नाही, त्यांनी दूध, दही, पनीर, राजगिरा आणि मूठभर शेंगदाणे यांवर भर द्यावा.

मग ताट कसे असावे

निरोगी प्रौढाला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०२० मधील प्रमाण सांगते. दुखापतीच्या काळात ते १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत न्यावे, असा सल्ला आहारतज्ज्ञ साधारणपणे देतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. साठ किलोच्या आसपास योग्य वजन असलेल्या व्यक्तीसाठी हा आकडा ७२ ते ९० ग्रॅम होतो. वजन खूप जास्त असेल, तर हिशेब आजच्या वजनावर न करता उंचीला साजेशा वजनावर करावा.

शाकाहारी ताटातून इतकी प्रथिने मिळणार कशी, हा प्रश्न रास्त आहे, कारण वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅमच प्रथिने असतात. तरीही ते जमते. सकाळी पन्नास ग्रॅम मुगाची धिरडी आणि वाटीभर दही, दुपारी दोन लहान भाकऱ्या, मटकीची घट्ट उसळ, कोशिंबीर आणि ताक, चार वाजता मूठभर फुटाणे, रात्री दोन फुलके, तीस ग्रॅम सोयाबीन वड्या घातलेली भाजी आणि घट्ट वरण, शिवाय दिवसभरात दोन पेले दूध, एवढ्यातून ७५ ते ८० ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी खाणाऱ्यांना एका अंड्यातून सहा ग्रॅम, तर मासळी किंवा चिकनच्या शंभर ग्रॅम तुकड्यांतून वीस ग्रॅमच्या आसपास मिळतात, त्यामुळे त्यांचे काम आणखी सोपे.

कपात करायची ती भाताच्या दुसऱ्या वाढणीत, साखरेच्या चहात, फरसाणात, बिस्किटांत आणि तेलात. तेल सर्वांत सहज निसटते. फोडणीचा मोठा चमचा म्हणजे पंधरा मिलिलिटर तेल, सुमारे १२० कॅलरी. घरातल्या प्रत्येक माणसामागे दिवसाला किती चमचे तेल खर्च होते, हे एकदा मोजले तरी बरेच काही उमगते. दुखापतीनंतरचे पहिले दोन आठवडे वजन उतरवण्याच्या फंदात न पडता ते स्थिर राखण्यावर समाधान मानावे. त्यानंतर महिन्याला एक ते दोन किलो घट पुरेशी आहे.

ताट दुसऱ्याच्या हाती असते, हे विसरणे

व्यायामाचे लेख याबद्दल बोलत नाहीत, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ही खरी अडचण असते. तो स्वतः वाढून घेत नाही, त्याला वाढले जाते. आई किंवा पत्नी ताट खोलीत आणून देते, परत स्वयंपाकघरात जायला लागू नये म्हणून एक पोळी जास्तच ठेवते आणि उरलेले टाकवत नाही म्हणून ती पोटात जाते. भेटायला येणारे पेढे आणि बेकरीचे पदार्थ आणतात, त्यांच्याबरोबर चहाची एकेक फेरी होते. उशाशी चिवड्याचा डबा असतो, समोर टीव्ही चालू असतो, आणि हात कंटाळ्यापोटी डब्याकडे जातो. अशा वेळी इच्छाशक्तीवर भिस्त ठेवण्यापेक्षा, स्वयंपाक करणाऱ्याशी पहिल्याच आठवड्यात शांतपणे बोलून ताटाचे माप ठरवून घ्यावे, उशाशी पाण्याची बाटली आणि फळे ठेवावीत, आणि येणाऱ्यांना मोकळेपणाने सांगावे की खाऊ आणण्यापेक्षा तासभर गप्पा मारायला या.

काटा हलत नसेल तर

प्लॅस्टर घातलेल्या पायासह मोजलेल्या वजनाची तुलना दुखापतीपूर्वीच्या वजनाशी करू नये. प्लॅस्टरचे स्वतःचे वजन असते आणि सूज म्हणजे साठलेले पाणीच असते. शिवाय एका पायावर तोल सांभाळत काट्यावर चढणे धोक्याचे आहे. त्याऐवजी दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजावी. वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ झाले असेल, तर पोट फुगून माप वाढलेले दिसते. पाणी, पालेभाज्या आणि फळे वाढवून आधी ते दूर करावे. चार आठवड्यांनंतरही कंबर वाढतच असेल, तर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. स्टिरॉइडमुळे भूक वाढते, तर मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या प्रिगाबालिनमुळे वजन वाढू शकते. ही औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, पर्याय विचारावा.

संपूर्ण निश्चल राहणे, आणि त्याउलट घाई करणे

एक पाय बंद असला तरी उरलेले शरीर मोकळे असते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खुर्चीत बसून एक लिटर पाण्याच्या बाटल्या हातांत घेऊन खांद्यांचे आणि दंडांचे व्यायाम करता येतात. चांगला पाय सरळ उचलून धरता येतो. गुडघा गादीवर दाबून मांडी पाच सेकंद आवळण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट बहुतेकांना शिकवतात, तो टाळू नये. यांतून फारशा कॅलरी खर्च होत नाहीत, पण स्नायू टिकतात आणि कमी खाण्याचा भार चरबीवर पडतो. हाच यांचा खरा उपयोग.

हालचाल अजिबात नसल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. पोटरी अचानक दुखू लागली, सुजली, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर ते प्लॅस्टरमुळे असेल असे समजून वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि सिगारेट ओढून भूक मारण्याची सवय असेल, तर ती आत्ताच सोडावी, कारण धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो.

प्लॅस्टर निघाल्यावर वाढलेले वजन एका महिन्यात उतरवण्यासाठी अनेक जण थेट टेकडी चढू लागतात किंवा दोरीवरच्या उड्या सुरू करतात. हाड जुळले असले, तरी स्नायू आणि सांधे अजून कच्चे असतात. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी होकार दिल्यावर आधी सपाट जागेवर दहा-पंधरा मिनिटे चालावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा वेदना वाढलेली नसेल, तरच पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे वाढवावीत. शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरली असेल आणि जवळ तलाव असेल, तर कमरेएवढ्या पाण्यात चालणे त्याहून चांगले, कारण तिथे शरीराचा जवळपास निम्मा भार पाणी उचलते. ताटाचे माप मात्र चालणे पूर्वीइतके होईपर्यंत बदलू नये. भूक त्याआधीच वाढलेली असते, तिला उसळ, दही आणि कोशिंबीर वाढावी.