नव्या वॉर्डरोबचा डोळ्यांना झोंबणारा वास

नव्या फ्लॅटमधला वॉर्डरोब उघडला की आईचे डोळे चुरचुरायचे. रंगाचा वास केव्हाच गेला होता, हा वेगळाच. सुताराने ड्रॉवर बाहेर काढले तेव्हा दिसलं: पुढून चकचकीत लॅमिनेट, पण मागची बाजू, कडा, बिजागरीचे खड्डे सगळे कोरे, एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड) उघडा. त्यातल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा झोंबणारा वायू सुटत राहतो, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. घरातल्या हवेत या वायूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीने.

कडांना एज बँड (कड झाकणाऱ्या पट्ट्या) लावून घेतले, मागे लॅमिनेट चिकटवलं. समोरासमोरच्या खिडक्या रोज उघड्या. रूम फ्रेशनर बंदच केला. त्याने वास झाकला जातो, वायू जात नाही. हळूहळू आईची चुरचुर थांबली. मुलाच्या पलंगासाठी मात्र ई-०चंच, म्हणजे हा वायू अगदी कमी सोडणारं, प्लाय सांगितलंय, महाग पडलं तरी.