परागंदा संपादकाचं चरित्र कसं लिहावं

एका जिल्हा दैनिकात मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी परदेशी पत्रकारांच्या चरित्रनोंदी लिहितो. सगळ्यांत जास्त छळलं ते शावार्श मिसाक्यान यांच्या नोंदीनं. हे ऑटोमन साम्राज्यातले आर्मेनियन, राजकीय कार्यकर्ते आणि पॅरिसच्या 'हाराच' या आर्मेनियन वृत्तपत्राचे संस्थापक-संपादक. चार मसुदे फाडले, तेव्हा कुठे पाचवा उभा राहिला. तुम्हाला असं काही लिहायचं असेल, तर माझ्या फाडलेल्या कागदांचा उपयोग होईल.

सुरुवात नावापासून करा. पॅरिसमध्ये राहिलेल्या आर्मेनियनांची नावं फ्रेंच वळणानं लिहिलेली सापडतात. तिथे 'च'साठीच्या इंग्रजी अक्षरांचा उच्चार 'श' होतो. मी डोळे मिटून 'शावार्च' लिहिलं आणि तसंच छापूनही आलं. मुद्रितशोधकाच्या नावानं! शिवाय पश्चिम आणि पूर्व आर्मेनियनांचे उच्चारही वेगळे. इस्तंबूलचा क्रिकोर येरेवानला ग्रिगोर होतो, हागोपचा हाकोब होतो. माणूस कुठला ते पाहून एकच उच्चार धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. आडनावातलं '-यान' आपल्या '-कर'सारखं गावावरून येत नाही. ते बहुधा पूर्वजाच्या नावावरून येतं: मिसाकच्या घरचे ते मिसाक्यान. 'हाराच'चा अर्थ 'पुढे'. कंसात 'पुढारी' लिहायचा मोह आवरा.

मग शब्द निवडा. माझ्या पहिल्या मसुद्यात सगळीकडे 'हद्दपार' होतं. हद्दपारीला हुकूम लागतो. मिसाक्यान १९२२च्या नोव्हेंबरात, शहर मुस्तफा केमाल यांच्या तुर्की राष्ट्रवाद्यांच्या ताब्यात जात असताना, इस्तंबूलहून सोफियाला निघून गेले. ही परागंदा होण्याची गोष्ट आहे. दोन वर्षांनी ते पॅरिसला पोचले. परतीची वाट तोवर बंदच झाली होती, म्हणून तिथून पुढे 'निर्वासित' म्हणा. तीन शब्द, तीन अवस्था.

तारखांना दोनदा हात लावा. २४ एप्रिल १९१५ला इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, संपादक, पुढारी ऑटोमन सरकारनं उचलले. जुन्या ज्युलियन पंचांगात हाच दिवस ११ एप्रिल आहे. दोन कागदांत तेरा दिवसांचा फरक दिसला, तर कागद खोटा ठरवण्याआधी पंचांग बघा.

त्या धरपकडीतून मिसाक्यान निसटले. शहरातच लपून राहिले आणि साम्राज्यात चाललेल्या आर्मेनियनांच्या कत्तलींच्या बातम्या बाहेर धाडत राहिले. १९१६ साली पकडले गेले. छळ झाला, आणि त्यांनी लष्करी तुरुंगाच्या तिसऱ्या मजल्यावरून उडी टाकली. जगले. १९१८च्या युद्धविरामानंतर सुटले आणि पुन्हा वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन बसले.

इथे हात सैल सुटतो. माझ्या दुसऱ्या मसुद्यात ही उडी दोन पानं चालली होती, आणि पुढे 'हाराच'मध्ये काढलेली बत्तीस वर्षं अर्ध्या पानात. प्रमाण उलटं करा. उडी दोन ओळींत सांगा. १ ऑगस्ट १९२५ला 'हाराच'चा पहिला अंक निघाला, तिथे ऐसपैस बसा, कारण या माणसाचं आयुष्य म्हणजे ते अंकच. मार्सेलच्या 'आराम' या संस्थेनं जुने अंक स्कॅन केले आहेत. लिपी येत नसली तरी ते उघडा. कुठला मजकूर किती जागा खातो, जाहिरात कुठे बसते, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला न वाचता कळतं. त्या काळच्या आर्मेनियन पत्रांत हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाचे मजकूर असत: अमुक गावचा, अमक्याचा मुलगा, कुणाला ठाऊक असल्यास कळवावे. बेघर झालेल्यांचं पत्र कशासाठी निघत होतं, ते या मजकुरावरून जितकं उमगतं तितकं अग्रलेखावरून उमगत नाही.

पक्ष लपवू नका. मिसाक्यान दाश्नाकत्सुत्यून, म्हणजे आर्मेनियन क्रांतिकारी महासंघ, या पक्षाचे होते, त्याच्या सर्वोच्च समितीवरही होते. 'निःपक्ष पत्रकार' म्हटलं की नोंद गुळगुळीत होते आणि खोटीही. न छापलेल्या अंकांचीही दखल घ्या. १९४०च्या जूनमध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरले आणि 'हाराच' थांबलं, ते १९४५च्या एप्रिलपर्यंत.

आणखी एक सापळा शब्दाचाच. 'वंशसंहार' हा शब्द १९१५च्या प्रसंगात त्यांच्या तोंडी घालू नका. इंग्रजी शब्दच ('जेनोसाइड') १९४४ साली कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी घडवला. ९ डिसेंबर १९४५च्या 'हाराच'मध्ये मिसाक्यान यांनी त्याचा आर्मेनियन प्रतिशब्द घेऊन लिहिलं: त्सेघ म्हणजे वंश, स्पानुत्यून म्हणजे हत्या. तीस वर्षं ज्या घटनेला नाव शोधलं जात होतं, तिच्यासाठी जोडशब्द छापणारा संपादक. माझ्या लेखी नोंदीचा कणा हाच. उडी नव्हे.

'आर्मेनियनांचे टिळक' असं लिहून सुटका करून घेऊ नका. टिळक मंडालेहून सुटून पुण्याला, 'केसरी'कडे परत आले. मिसाक्यानांना परतायला गाव नव्हतं. आपल्याकडचा धागा हवाच असेल तर खरा आहे तो घ्या. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'आझदरार' १७९४ साली मद्रासला निघालं, पाद्री हारुत्यून श्मावोन्यान यांनी काढलेलं. जांभेकरांच्या 'दर्पण'च्या अडतीस वर्षं आधी.

नोंद २६ जानेवारी १९५७ला, त्यांच्या मृत्यूपाशी संपवू नका. मुलगी अर्पिक यांनी 'हाराच' पुढे बावन्न वर्षं चालवलं आणि मे २००९मध्ये बंद केलं. आमच्या त्रैमासिकात जागा कमी पडली, तेव्हा शंभर शब्द काढा असा निरोप आला. मी बालपणाचा परिच्छेद काढला. अर्पिकबाईंचा ठेवला.