प्रबोधनकालीन नाटकातील वंश कसा वाचावा : ‘ऑथेल्लो’च्या निमित्ताने

प्रबोधनकालीन इंग्रजी नाटकातील वंशाचे चित्रण अभ्यासायला बसलेला विद्यार्थी बहुधा ‘शेक्सपिअर वंशवादी होता का?’ या प्रश्नाशी अडून बसतो. तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि नाटक वाचताना वहीत एवढेच टिपत जावे की, रंगाचा उल्लेख कोण करतो, कोणासमोर करतो आणि त्या क्षणी त्याला काय साधायचे असते.

पहिल्याच प्रवेशात ही वही भरू लागते. शेक्सपिअरच्या या नाटकात व्हेनिसचा काळा सेनापती ऑथेल्लो हा सिनेटर ब्रॅबॅन्शियोच्या मुलीशी, डेस्डेमोनाशी, गुपचूप लग्न करतो. व्हेनिसमध्ये भर रात्री ऑथेल्लोचा हाताखालचा अधिकारी इयागो आणि डेस्डेमोनावर डोळा असलेला रॉड्रिगो ब्रॅबॅन्शियोच्या घराखाली उभे राहून त्याला झोपेतून उठवतात, आणि ‘म्हातारा काळा एडका तुमच्या पांढऱ्या मेंढीवर चढला आहे’ असे इयागो त्या बापाला ओरडून सांगतो. या संपूर्ण प्रवेशात ऑथेल्लोचे नाव एकदाही येत नाही. तो फक्त ‘मूर’, म्हणजे ढोबळमानाने उत्तर आफ्रिकेकडचा माणूस, असतो. म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे तो येण्याआधी त्याचे चित्र वैऱ्यांनी रंगवून झालेले असते. नाव प्रथम ऐकू येते ते तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसचा शासक असलेल्या ड्यूकच्या तोंडून, तेही तुर्कांशी लढायला सेनापती हवा असताना. हाच ड्यूक पुढे ब्रॅबॅन्शियोची समजूत घालताना ‘तुमचा जावई काळा कमी, गोराच अधिक’ असे म्हणतो. या स्तुतीपाशी थांबावे, कारण काळे म्हणजे वाईट हे तिने गृहीतच धरले आहे. (गोरे म्हणजे देखणे हे समीकरण मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये.)

‘मूर’चे भाषांतर घाईने ‘हबशी’ असे करू नये. त्या शब्दात धर्म, प्रदेश आणि वर्ण यांची सरमिसळ आहे. १६०० मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील एलिझाबेथ राणीच्या दरबारी आला होता, आणि १६०१ च्या सुमारास ‘काळ्या मूरां’ना देशाबाहेर घालवण्याच्या जाहीरनाम्याचा मसुदाही तयार झाला होता. ‘ऑथेल्लो’चा १६०४ मधील दरबारी प्रेक्षक या दोन्ही गोष्टींच्या जवळच होता.

आता संहितेकडे वळावे, कारण माझ्या मते खरी मेहनत इथेच आहे. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात संशयाने पोखरलेला ऑथेल्लो म्हणतो की, डायना देवीच्या मुखासारखे निर्मळ असलेले नाव आता माझ्या चेहऱ्यासारखे काळवंडले आहे. पण नाव कोणाचे? १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या एकत्रित आवृत्तीत) ‘माझे नाव’ आहे, १६३० च्या क्वार्टोत (एकट्या नाटकाच्या लहान आकाराच्या आवृत्तीत) ‘तिचे नाव’ आहे, आणि १६२२ च्या पहिल्या क्वार्टोत हे वाक्यच नाही. ‘तिचे’ वाचले तर आरोप पत्नीवर जातो. ‘माझे’ वाचले तर इयागोची भाषा ऑथेल्लोने स्वतःवरच लावून घेतलेली दिसते. म्हणून आपल्या हातातील आवृत्तीच्या संपादकाने कोणता पाठ घेतला आहे, हे तळटिपेत पाहिल्याशिवाय या ओळीवर परिच्छेद लिहू नये.

रंगमंचही विसरू नये. ही भूमिका रिचर्ड बर्बेज या गोऱ्या नटाने रंग फासून केली; १६०५ च्या एका दरबारी नृत्यनाट्यात तर खुद्द जेम्स राजाची पत्नी ॲन राणी आणि तिच्या सरदारस्त्रिया चेहरे व हात काळे रंगवून उतरल्या होत्या.

तुलनेसाठी शेक्सपिअरच्याच ‘टायटस अँड्रोनिकस’मधील आरन हा मूर घ्यावा. तो दुष्ट आहे, यात वाद नाही; पण दाई त्याचे नवजात बाळ काळे म्हणून ठार करायला सांगते, तेव्हा ‘काळा रंग इतका का हीन?’ असे तो तिलाच विचारतो आणि बाळ छातीशी धरतो. वहीच्या पानावर हा उल्लेख वेगळा उठून दिसेल, कारण इथे काळा माणूस आपल्या रंगाची बाजू स्वतः घेतो, आणि समोरचीकडे त्याला उत्तर नसते.

हीच वही पुढे गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९० च्या ‘झुंझारराव’ या रूपांतरासाठीही उघडावी, आणि एडक्याच्या त्या ओळीचे मराठीत काय झाले ते आधी शोधावे.