वळवाचा ढग कसा ओळखावा

मार्च ते मे या महिन्यांत देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात कांदा काढून शेतात पडलेला असतो, हळद उन्हात वाळत असते आणि कडब्याची गंजी अजून झाकायची राहिलेली असते. हवामान खात्याचा इशारा बहुधा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो; वळवाचा एकेक ढग मात्र मोजक्या किलोमीटरच्या पट्ट्यावर कोसळतो आणि शेजारच्या गावात थेंबही पडत नाही. म्हणून इशारा वाचून झाल्यावरही आपल्या डोक्यावरचे आकाश आपणच वाचायला हवे, आणि ते थोड्या सरावाने निश्चित जमते.

निरीक्षणाची सुरुवात सकाळीच करावी. आठ-नऊच्या सुमारास बऱ्याच उंचीवर लहान ढगांची ओळ दिसली, त्यांचे तळ सपाट असले आणि माथ्यांवर बारीक मनोरे उभे राहिलेले असले, तर वरच्या थरांतील हवा अस्थिर झाली आहे असे समजावे. हे ढग दहा-अकरापर्यंत विरून जातात आणि आकाश स्वच्छ झाले म्हणून माणसे निर्धास्त होतात. पण त्याच दिवशी घाम अंगावर वाळत नसेल, म्हणजे हवेत भरपूर बाष्प असेल, तर दुपारनंतर वळवाची शक्यता चांगलीच असते. याउलट हवा कोरडी असून अंग चटकन वाळत असेल, तर दुपारचे ढग सहसा बसकेच राहतात आणि संध्याकाळी विरतात.

दुपारी एखादा वाढता ढग निवडून त्याच्या माथ्याच्या कडेकडे लक्ष द्यावे. कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी घट्ट आणि रेखीव दिसत असेल, तर ढग अजून वर चढतो आहे. काही वेळाने तीच कडा धूसर, तंतुमय होते, माथा वर चढण्याचे थांबून आडवा पसरू लागतो. याचा अर्थ वरच्या भागात पाण्याचे हिमकण झाले आहेत आणि ढग गडगडाटी वादळाच्या अवस्थेत पोहोचला आहे. माझ्या मते सगळ्या खुणांमध्ये ही सर्वांत भरवशाची आहे, आणि ती दिसताच ताडपत्री बाहेर काढावी.

ढग किती लांब आहे, याचा अंदाज मुठीने घेता येतो. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ आकाशाचा सुमारे 10 अंशांचा भाग झाकते. ढगाचा माथा 12 किलोमीटर उंचीवर आहे असे धरले, तर क्षितिजापासून एक मूठ उंच दिसणारा ढग सुमारे 65 ते 70 किलोमीटरवर असतो आणि दोन मुठी उंच दिसणारा साधारण 33 किलोमीटरवर. तो आपल्याकडेच येतो आहे का, हे पाहण्यासाठी एका जागी उभे राहून विजेचा खांब किंवा देवळाचा कळस यांच्या रेषेत ढग धरावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेथूनच पाहावे. ढग डावीकडे किंवा उजवीकडे सरकला असेल, तर तो बहुधा बाजूने जाईल. तो त्याच रेषेत राहून उंच होत असेल, तर तो आपल्यावर येत आहे, किंवा निदान जागच्या जागी वाढत आहे.

अंधार पडल्यावर क्षितिजावर आवाजाविना वीज लखलखताना दिसते. गडगडाट साधारण 15-20 किलोमीटरपलीकडे ऐकू येत नसल्याने असे वादळ दूर असते. आवाज ऐकू येऊ लागला की वीज दिसल्यापासूनचे सेकंद मोजून तीनने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोमीटरमधील अंतर. हे अंतर 10 किलोमीटरहून कमी भरले, तर काम तसेच टाकून पक्क्या घरात जावे आणि झाडाचा आसरा मुळीच घेऊ नये.

वाऱ्याची खूण शेवटी येते. आधी जमिनीलगतचा वारा ढगाच्या दिशेने वाहतो, मग वारा पडतो, आणि अचानक ढगाकडूनच गार, धुळीचा झोत येतो. उन्हाळ्यात दख्खनच्या कोरड्या पठारावर ढगाचा तळ उंच असतो. खाली येताना पावसाचे थेंब वाटेतच सुकू लागतात, त्यामुळे हवा गार आणि जड होऊन जोराने खाली आदळते. म्हणूनच पाऊस नाममात्र पडला तरी पत्रे उडतात. हा झोत आल्यावर हातात केवळ काही मिनिटे उरतात, तेव्हा गंजी झाकण्यासाठी त्याची वाट पाहू नये.

सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळे पडले की पाऊस येणार, हा समज येथे फारसा उपयोगी नाही. खळे म्हणजे उंचावरच्या पातळ ढगांतील हिमकणांतून वळलेला प्रकाश. तसे ढग पावसाविनाही येतात. पहाटेच्या तांबड्या आकाशावरून पाऊस सांगण्याची रीत मध्य अक्षांशांतील देशांची आहे, कारण तेथे हवामान बहुधा पश्चिमेकडून सरकत येते. वळीव मात्र स्थानिक तापमानातून जागीच वाढतो.

डोळ्यांनी केलेला अंदाज मोबाइलवर ताडून पाहावा. मुंबई, नागपूर आणि गोवा येथील रडारची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते.

पाऊस थांबला तरी शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर जाऊ नये. त्यानंतरही ताडपत्री लगेच काढू नये, कारण पहिल्या ढगातून सुटलेला गार वारा बाजूची गरम हवा उचलतो आणि तेथे दुसरा ढग उभा राहू शकतो. त्यासाठी तो वारा ज्या दिशेला गेला, त्या दिशेचे आकाश पुन्हा एकदा तपासावे.